बावीस फाइली आणि न वाजलेली हलगी

मागच्या पावसाळ्यात मित्राने एक फोल्डर पाठवलं. आत एकाच गाण्याच्या सुट्या आवाजांच्या बावीस वेव्ह फाइली. किक म्हणजे जड ठोका वेगळी, टाळीसारखा क्लॅप वेगळा, झांजेसारखे हाय-हॅट दोन, खालच्या सुरांचा बेस एक, सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेटीचे सहा थर, गायिकेचा मुख्य आवाज, तिचेच मागचे सूर, शिवाय कसलेकसले सुस्कारे आणि सरसराट. याला आमच्यात स्टेम्स म्हणतात. मित्राचं गाणं मेलोडिक हाउस या क्लबमध्ये नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातलं, वेग १२२ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२२ ठोके, लांबी सहा मिनिटांच्या वर. एका छोट्या लेबलवरून, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीकडून, ते निघणार होतं आणि सोबत एक रिमिक्स, म्हणजे त्याच गाण्याचा दुसऱ्याने केलेला नवा अवतार, हवा होता. मानधन शून्य, कव्हरवर नाव, मुदत तीन आठवडे. मी लगेच हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं माझ्याकडे होतं काय? दिवसा हडपसरला नोकरी आणि रात्री हेडफोन.

खरं तर रिमिक्स हा शब्द माझ्या कानावर दहावीच्या आधीपासून होता, पण वेगळ्या अर्थाने. मूळ गाव इचलकरंजी. मामाचा साउंडचा धंदा, म्हणजे आमच्या भाषेत डॉल्बी. त्या नावाच्या कंपनीशी आमच्या पेट्यांचा काडीचा संबंध नाही, तरी कोल्हापूरकडे मोठ्या साउंडला डॉल्बीच म्हणायची रीत आहे. वराती, जत्रा आणि गणपतीसाठी मी मामाला 'मिक्स' बनवून द्यायचो. एखादं चालू गाणं घ्यायचं, वेग वाढवायचा, खाली जाडजूड ढोल आणि मध्येमध्ये हॉर्न घालायचा. गाणं जसंच्या तसं, वर माझा गोंधळ. लोक नाचायचे, त्यामुळे मला वाटायचं की आपल्याला जमतं.

ते जमणं किती उथळ होतं हे बावीस फाइली उघडल्यावर कळलं. तयार गाण्यावर काम करणं म्हणजे शिजलेल्या आमटीतून मीठ काढायला जाणं. वरून आणखी काहीतरी घालता येतं, आतलं काढता येत नाही. हल्ली गाण्यातून आवाज वेगळा काढून देणारी सॉफ्टवेअर आहेत आणि ती चांगलीही झाली आहेत, पण 'स' आणि 'श' उच्चारताना मागे पाणी खळखळल्यासारखं काहीतरी उरतंच. स्टेम्समध्ये मीठ, तेल, तिखट सगळं वाटीवाटीत समोर असतं. आणि मग खरी पंचाईत होते, कारण आता काय ठेवायचं हे आपल्याला ठरवावं लागतं.

पहिले दोन दिवस फक्त साफसफाईत गेले. सगळ्या फाइली गाण्याच्या पहिल्या क्षणापासून काढलेल्या असाव्या लागतात, म्हणजे एकाखाली एक टाकल्या की आपोआप जुळतात. एक सिंथ मात्र जिथून वाजतो तिथूनच काढलेला होता. तो कुठे बसतो हे शोधायला अर्धी रात्र गेली. गायिकेच्या आवाजावर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, छापूनच आलेला होता. असा ओला आवाज ताणला की घुमाराही ताणला जातो आणि शब्दांना शेपट्या फुटतात. मित्राला कोरडा आवाज मागितला. तो म्हणाला, "अरे, तो रिव्हर्ब लावायला मला आठवडा लागला." म्हटलं, असेल, पण मला तो नको. कोरडी फाइल आली. तिच्यात दुसरी ओळ संपताना गायिकेने घेतलेला श्वास लख्ख ऐकू येत होता. तो पुढे उपयोगी पडला.

पहिला प्रयत्न मी सवयीने केला. वेग १२८, किक जड, बेस जाड, बाकी सगळं त्याचं. इथे एक हिशेब सांगतो, कारण त्यात मी तोंडघशी पडलो. आवाज ताणायचे दोन मार्ग असतात. एकात सूर तोच राहतो आणि फक्त वेळ बदलते. दुसऱ्यात टेपसारखं होतं, वेग वाढला की सूरही चढतो. दुसऱ्यात आवाज ताजा राहतो, म्हणून मी तो घेतला. पण १२२ वरून १२८ वर गेलं की सूर पूर्ण एक पट्टी चढत नाही, साधारण पाऊणच्या थोडा वर चढतो. मूळ गाणं ए मायनरमध्ये, म्हणजे पेटीवर पांढरी सहा. माझा चढलेला आवाज पांढरी सहा आणि काळी पाचच्या मध्ये लोंबकळत होता आणि माझा सिंथ काळी पाचवर. रात्री दोन वाजता मला ते 'जरा वेगळं' वाटलं होतं. सकाळी चहा घेताना ऐकलं तर बेसूर. नेमकी एक पट्टी हवी असेल तर १२९.२५ ठेवावा लागतो. तो ठेवला, जुळलं आणि मित्राला पाठवलं.

त्याचं उत्तर: "गाणं माझंच आहे. फक्त जिमला जाऊन आलंय."

राग आला, पण बोलणं खरं होतं.

दुसऱ्या खेपेला मी उलट्या टोकाला गेलो. रिमिक्सच्या इतिहासात या टोकाला मोठी माणसं उभी आहेत, हे मला ठाऊक होतं. १९९६ साली आर्मंड व्हॅन हेल्डन या अमेरिकन डीजेने गायिका टोरी एमॉसच्या 'प्रोफेशनल विडो'मधून आवाजाचे दोन तुकडे तेवढे उचलले आणि बाकी सगळं फेकून एका बेसलाइनवर नवं गाणं उभं केलं. मुळात ते हार्पसिकॉर्ड या पियानोच्या जुन्या भावंडावरचं, अंगावर येणारं गाणं, आणि झालं काय तर क्लबमधलं हिट. त्याच्या उलट उदाहरण टॉड टेरी या दुसऱ्या अमेरिकन डीजेचं. एव्हरीथिंग बट द गर्ल या जोडीच्या 'मिसिंग'ला त्याने १९९५ मध्ये हात लावला तेव्हा गायिकेचा उदास आवाज जवळजवळ तसाच ठेवला आणि खाली हाउसचा ठेका दिला, बस. दोन्ही गाजले. त्याआधीची गोष्ट तर स्टुडिओत संगणक येण्याच्याही आधीची आहे. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबी नावाचा साउंडवाला मिक्सरवर बसून गाण्यातला आवाज खाली पाडायचा, ड्रम आणि बेस उरू द्यायचा आणि अधूनमधून एखादा शब्द एकोत भिरकावून द्यायचा. न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन तीन मिनिटांची गाणी नाचणाऱ्यांसाठी लांबवत होता. हे सत्तरचं दशक. म्हणजे काढणं आणि लांबवणं हे दोन हात तेव्हापासून आहेत. आपण फक्त माउस धरला.

तर व्हॅन हेल्डन अंगात आल्यासारखा मी बसलो. गायिकेचे दोन शब्द घेतले, बाकी वीस फाइली बंद. वेग १७४, ड्रम अँड बेस नावाचा धावता प्रकार. चार रात्रींत गाणं उभं राहिलं आणि खरं सांगतो, छान झालं होतं. मित्राला पाठवलं. या वेळी त्याने फोनच केला.

"हे तुझं सगळ्यात भारी काम आहे," तो म्हणाला. मी गप्प. पुढे 'पण' येणार हे आवाजातच होतं. "पण यात मी कुठे आहे ते मला सापडत नाहीये. ते दोन शब्द काढून दुसऱ्या कुणाचे टाकलेस तर काही फरक पडेल का?"

नसता पडला. ते गाणं आजही माझ्या हार्ड डिस्कवर आहे, ते दोन शब्द काढून. कधीतरी स्वतंत्र काढीन.

एक आठवडा उरला होता. त्या रात्री मी काहीच बनवलं नाही. मित्राचं मूळ गाणं लावलं आणि एकेक फाइल बंद करून पूर्ण ऐकलं. बावीस फाइली, बावीस वेळा. शेजारी कागद; कोणती बंद केल्यावर गाणं ओळखू येईनासं होतं तेवढंच लिहायचं. किक बंद केली, गाणं तिथेच. बेस बंद केला, तिथेच. जाड सिंथ बंद केले तर उलट बरंच वाटलं (हे मित्राला अजून सांगितलेलं नाही). पहाटे कागदावर दोनच गोष्टी होत्या: चार सुरांचा तो टिपटिप वाजणारा प्लक, म्हणजे तार छेडल्यासारखा सिंथ, आणि गायिकेची दुसरी ओळ. पण खाली मी तिसरी लिहिली, जिची फाइलच नव्हती. ड्रॉपच्या, म्हणजे ताणून धरलेला ठेका पुन्हा सुटतो त्या क्षणाच्या, आधी अर्ध्या मात्रेची शांतता. सगळे त्याआधीच्या चढावात, म्हणजे बिल्डअपमध्ये, स्नेअर ड्रमचे ठोके दुप्पट, चौपट करत नेतात आणि धाडकन सोडतात. याने तिथे काहीच ठेवलं नव्हतं. नाचणाऱ्याचा पाय हवेत, आणि अर्धी मात्रा काही नाही.

या तिन्हींना धक्का लावायचा नाही, असं ठरलं. मग बदलायचं काय? प्लकचे सूर होते पांढरी सहा, एक, तीन आणि परत एक. मूळ गाण्यात खाली बेस पांढरी सहावरच बसलेला, त्यामुळे सगळं घट्ट आणि उदास. मी बेस पांढरी चारवर नेला, म्हणजे एफवर. वरचे सूर तेच. एवढ्याने ऊन पडल्यासारखं झालं. दोन आवर्तनांनी बेस पांढरी दोनवर उतरवला, तेव्हा ढग परत आले. पेटीवर ज्यांनी कुणाला साथ केली असेल त्यांना यात नवल वाटणार नाही, पण मला वाटलं. मी दहा वर्षं वरून रंग देत होतो. जमीन बदलता येते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शनिवारी इचलकरंजीला गेलो. गणपती तोंडावर, मामाच्या गोदामात पेट्यांची दुरुस्ती चाललेली. अठरा इंची बेसच्या सहा पेट्या भिंतीला लावलेल्या, दोन उघड्या, आतले स्पीकरचे कोन बदलायचे होते. मामाला म्हटलं, माझं एक लावून बघू का. तो सोल्डरचा धूर फुंकत म्हणाला, "लाव की. हळू लाव, शेजारी पोरीचा अभ्यास चाललाय."

हेडफोनवर जे लोण्यासारखं वाटत होतं ते इथे चिखल झालं. किक लागत होती, पण चारातली एक पोटात जायची आणि एक कुठेतरी गायब व्हायची. मी पेट्यांना दोष देणार, इतक्यात मामा म्हणाला, "पेट्या बऱ्या हाईत. तुझी किक आन् बेस एकमेकाच्या पायात पाय घालायल्यात. एकाला थांबीव, दुसऱ्याला जाऊ दे."

मामा नववी नापास आहे. फेज हा शब्द त्याने वायरिंग सोडून कुठे वापरलेला नाही. पण दुखणं नेमकं तेच होतं. माझ्या किकची शेपूट आणि बेसचा एफ हे दोन्ही ४४ हर्ट्झच्या आसपास. लाटा एकमेकींच्या उलट पडल्या की दोघी मिटतात, सुलट पडल्या की दुप्पट होतात. माझ्या हेडफोनला तिथलं काही नीट ऐकूच येत नव्हतं. तिथेच उकिडवा बसून किकची शेपूट कापली, बेसवर साइडचेन लावली, म्हणजे किक पडली की बेस क्षणभर दबतो आणि मग वर येतो. किती दबावा, किती वेळात उठावा, हे मामाने हात वरखाली करून सांगितलं. त्याचा तळहात बेसबरोबर उठायला लागला तेव्हा आम्ही थांबलो. फोनच्या स्पीकरवर ४४ हर्ट्झ येणारच नाही, म्हणून बेसवर थोडं डिस्टॉर्शन चढवलं, म्हणजे आवाज जरा फाटू दिला. वरचे सूर ऐकू आले की कान खालचा स्वतःच भरून घेतो.

आता हलगी. गोदामाच्या मागच्या गल्लीत एक तात्या राहतात. साठी ओलांडलेले, हलगी-घुमकं-कैताळाच्या ताफ्यात आयुष्य गेलेलं. दमट हवेने कातडं सैल पडतं म्हणून दारात कागद पेटवून हलगी शेकत बसले होते. टकटक करून बघायचे, पुन्हा धग द्यायचे. माझ्या डोक्यात लगेच आलं: ड्रॉपला हलगी! एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी, त्यांनी चार मिनिटं वाजवलं आणि मी रेकॉर्डरवर घेतलं.

रात्री हलगी ड्रॉपवर बसवली. ऐकलं. पर्यटन खात्याची जाहिरात. आता पडद्यावर किल्ला येईल, मग पैठणी, मग मिसळ. शिवाय मी सॉफ्टवेअरला सांगून प्रत्येक ठोका मात्रांच्या काटेकोर चौकटीत ओढला होता, त्यामुळे तात्यांचं वाजवणं मरून त्याची शाळेतली कवायत झाली होती. एक साथ सावधान. मूळ रेकॉर्डिंग लावलं की खांदे हलायचे. चौकटीत ओढलेलं लावलं की मान दुखायची.

फरक कुठे आहे ते बघायला मी प्रत्येक आवर्तनाची फक्त सम धरली आणि मधलं मोकळं सोडलं. पडद्यावर ठोके दिसले. मात्रेच्या चार भागांतला दुसरा ठोका दर वेळी उशिरा. एखाद्या वेळी नाही, दर वेळी, पंधरा-वीस मिलिसेकंदांनी. चौथा किंचित लवकर, जणू पुढच्या मात्रेत घुसायची घाई. चूक असती तर ती इतकी नियमित आली नसती. एबलटन या मी वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओतून ग्रूव्ह, म्हणजे वाजवण्याची चाल, काढून दुसऱ्या कुठल्याही फाइलीला लावायची सोय आहे. ठोक्यांच्या जागा आणि जोर तेवढा घेतला जातो, आवाज घेतला जात नाही. मी तात्यांची चाल काढली, माझ्या हाय-हॅटला आणि मित्राच्या प्लकला लावली आणि हलगीची फाइल बंद केली.

शंभर टक्के लावली तेव्हा हाय-हॅट दारू पिऊन आल्यासारखा वाटला. साठ टक्क्यांवर बसला. किक मात्र चौकटीतच ठेवली. कुणीतरी एक जण शुद्धीवर पाहिजे. आणि एक नवी अडचण आली. १२२ वर ही चाल धापा टाकत होती, उशिरा येणाऱ्या ठोक्याला उशीर करायला जागाच नव्हती. म्हणून वेग उतरवला. ११८. रिमिक्स मूळ गाण्यापेक्षा सावकाश असावा, हे दोन आठवड्यांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. ११८ वर मात्रेच्या चार भागांतल्या एकेकाला १२७ मिलिसेकंद मिळतात, १२२ वर १२३. चार मिलिसेकंदांनी असं काय होतं, हे कागदावर मला पटत नाही. पण पाय ऐकतो. आवाजही फक्त तीन टक्के ताणावा लागला, त्यामुळे गायिका माणसासारखी राहिली.

तिचा तो दुसऱ्या ओळीनंतरचा श्वास मी उलटा करून त्या अर्ध्या मात्रेच्या अगदी अलीकडे ठेवला. शांततेला हात लावला नाही.

पुढची कामं हमालीची. क्लबमध्ये वाजवणाऱ्या एका ओळखीच्या डीजेने ऐकलं आणि म्हणाला, "सुरुवातीलाच प्लक आला तर मी आधीच्या गाण्यातून यात शिरू कसा?" बरोबर होतं. पुढे-मागे सोळा-सोळा आवर्तनं नुसत्या ड्रमची जोडली. मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, लेबल करून घेणार होतं, म्हणून आवाज वर दाबून धरणारा लिमिटर काढून वर सहा डेसिबल जागा सोडली आणि फाइल पाठवली. मुदतीच्या दोन तास आधी.

मित्राचा फोन रात्री साडेअकराला. म्हणाला, "प्लकला काय केलंयस? सूर माझेच आहेत, पण तो चालतोय वेगळा." मी हलगीचं सांगितलं. तो म्हणाला, मग हलगी ऐकू का येत नाही? म्हटलं, ती ठेवली नाही. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "बेस एफवर नेलास ना?" म्हणाला. "हरामखोरा, ते मला सुचायला हवं होतं." याहून मोठी पावती मला आजवर मिळालेली नाही.

लेबलचा फॉर्म आला. मूळ कलाकार, गायिका, रिमिक्सर, अतिरिक्त वादन. तात्यांना कुठे घालायचं? वादन तर गाण्यात नाही. मित्र म्हणाला, तरी घाल, आणि आम्ही दोघांनी हजार-हजार काढले. अनंत चतुर्दशी उलटल्यावर गावी गेलो, तात्यांना फोनवर गाणं ऐकवलं. सगळं ऐकलं त्यांनी, डोळे बारीक करून.

"माझी हलगी कुठं हाय यात?"

"न्हाई तात्या. चाल तेवढी घेतली."

"मंग पैसं कशाचं देतूस?"

"चालीचं."

"चालीचं कुणी पैसं देतंय व्हय," म्हणाले, आणि बोटाला थुंकी लावून नोटा दोनदा मोजल्या.